गालातला बदाम

३० नोव्हेंबर, शनिवार

सुनिव्हा घरी आली. मी थांब्यावर वेळेच्या बराच आधी जाऊन उभा होतो. बसमधून आधी रॅकेटांची पिशवी उतरली, मग दुसरी पिशवी आणि मग ती. जगात एकसष्टावी, देशात पहिली, आणि डोक्याला माझीच जुनी लोकरी टोपी.

"विमानतळावर घ्यायला आलो असतो," मी म्हणालो.

"बस आहे ना, बाबा. ड्रायव्हरशी गप्पा मारत आले. त्याच्या मेव्हणीचं पुन्हा बिनसलंय."

वाटेत मी प्रवासाचं विचारलं, मग खांद्याचं, मग ओस्लोत बर्फ किती पडलाय ते. घराच्या वळणावर ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, काहीतरी विचार ना."

"विचारतोय की."

"हो," ती म्हणाली. "ते खरंच."

इथे एक नोंदवून ठेवतो. ती अठरा वर्षांची झाली त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की तिच्या पैशांबद्दल कधीही विचारायचं नाही. तोवर सगळं मीच पाहायचो, तिकिटं, पावत्या, प्रशिक्षकाची बिलं. मग तिनं ओस्लोत एक हिशेबनीस बाई नेमल्या आणि मी सगळ्या फायली बांधून त्यांच्याकडे पाठवल्या. मुलं कर्तबगार झाली, की आईबाप त्यांच्या खिशात डोकावू लागतात. हे मी खेळाडूंच्या घरांत पुष्कळ पाहिलं आहे. आपल्या घरात ते होणार नाही. राग्नहिल म्हणते, "हाल्वार, तत्त्व चांगलं आहे, पण तू त्याच्या मागे लपतोस." बायको आहे, म्हणणारच.

१ डिसेंबर, रविवार

नाताळपर्यंत दर रविवारी एक लावायच्या चार मेणबत्त्यांतली पहिली लावली. सुनिव्हा दुपारपर्यंत झोपली. उठल्यावर स्वयंपाकघरात आईशी बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी गेलो, तर दोघी गप्प. "भांडी कोण घासणार त्यावर चर्चा चालली होती," राग्नहिल म्हणाली. मीच घासली.

५ डिसेंबर, गुरुवार

आज सरकारी साइटवर सगळ्यांच्या उत्पन्नाच्या आणि कराच्या याद्या उघडल्या. दर वर्षी या दिवशी शिक्षकांच्या खोलीत जे होतं तेच झालं. सगळे फोनमध्ये माना घालून बसलेले, आणि कुणीच काही बघत नसलेले.

"मी कुणाचं बघत नाही," गणिताच्या बेंते बाई म्हणाल्या. "फक्त मुख्याध्यापकांचं बघितलं. आणि शेजाऱ्यांचं. आणि माझ्या आधीच्या नवऱ्याचं, पण ते तब्येतीसाठी."

मी म्हटलं, याद्या खुल्या असायलाच हव्यात. कोण किती कमावतो आणि किती कर भरतो हे उघड असणं हा आपल्या समाजाचा कणा आहे. पण खुलं आहे म्हणून उगाच डोकवायचं, हे शेजाऱ्याच्या खिडकीला नाक लावण्यासारखं आहे. मी आजवर एकदाही, कुणाचंही पाहिलेलं नाही.

"तुम्ही धन्य आहात," बेंते बाई म्हणाल्या आणि फोनमध्ये परतल्या.

तिसऱ्या तासाला वर्गात हाच विषय घेतला. आपल्या गावच्या जहाजमालक ग्रुंगसाहेबांचं उदाहरण दिलं. यादीत त्यांचं उत्पन्न दर वर्षी शून्य असतं आणि बंगल्याला मात्र दर वर्षी एक मजला वाढतो. "यादीत शून्य म्हणजे खिशात शून्य नव्हे," मी मुलांना सांगितलं. "पैसा कुठे ठेवलाय ते बघायला शिका." तास चांगला झाला.

आता लाजिरवाणा भाग. संध्याकाळी न्हाणीघरात दार लावून मी त्या यादीत सुनिव्हाचं नाव घातलं.

का, ते मला नीट सांगता येत नाही. पैशांसाठी नाही, हे शपथेवर. गेल्या वर्षी तिनं स्वीडनमधली ती मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा पेपरांनी छापलं होतं, "वीस वर्षांच्या आत पंचेचाळीस लाख क्रोनर!" गावात महिनाभर तोच आकडा. मला वाटतं, मला तो सरकारी अक्षरांत बघायचा होता. बाप म्हणून. अभिमान म्हणून.

यादीत आकडा होता एक लाख बारा हजार.

मी नाव तपासलं, जन्मवर्ष तपासलं, पुन्हा पाहिलं. एक लाख बारा हजार. माझा पगार याच्या सहापट आहे, आणि मी आयुष्यात फक्त एक स्पर्धा जिंकली, तीही बटाट्याच्या शर्यतीत.

६ डिसेंबर, शुक्रवार

वर्गात लक्ष नव्हतं. डोक्यात सगळा खर्च मांडून पाहिला. प्रशिक्षक, मालिश करणारा, वर्षाला तीस-बत्तीस आठवडे हॉटेलं, तिघांची विमानाची तिकिटं. बक्षीस छापून येतं, खर्च कुणी छापत नाही. मी इतिहासाचा माणूस आणि माझ्या लक्षात आलं नाही!

आता एकेक दिसू लागलं आहे. ती टॅक्सीनं नाही, बसनं आली. पायमोज्यांना टाचेवर रफू आहे. काल उरलेले उकडलेले बटाटे तिनं उभ्याउभ्या खाल्ले. आणि आज जेवताना तिनं सहज विचारलं, "माझी खोली कुणाला देणार नाही ना तुम्ही?"

"ती तुझीच आहे," मी म्हणालो.

"कायम?"

"म्हणजे काय!"

पोरगी टेनिस सोडून घरी यायचा विचार करते आहे, आणि खोली आहे का ते चाचपून बघते आहे.

नंतर म्हणाली, "मोनॅकोत म्हणे डिसेंबरमध्येही ऊन असतं." खिडकीबाहेर दुपारी तीनचा काळोख होता. बिचारीला साधी सुट्टी हवी असेल, आणि परवडत नसेल.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी दाराच्या कडीला प्लास्टिकच्या पिशवीत अख्खा कॉड मासा लटकत होता. पलीकडच्या घरातला ऑडमुन कुंपणाशी उभा राहून आभाळ बघत होता. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आता निवृत्त आहे, एकटा आहे, आणि गावची बातमी त्याच्याकडे मुक्कामाला असते.

"हा तुझा का, ऑडमुन?"

"कसला? तो होय. जास्तीचा आला होता. मुलीला दे. तिला प्रोटीन लागत असेल." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, गावात सगळ्यांना कळलंय. वाईट वाटलं हो. एवढी राबते पोर, आणि हातात काय तर एक लाख बारा हजार!"

मी म्हटलं, "म्हणजे तू बघितलंस?"

"मी? छे! मी बहिणीला बघायला सांगितलं, ती राहते तिकडे वर, त्रोम्सोला. स्वतःच्या नावानं कोण बघतं, मास्तर? ज्याचं बघितलं त्याला आपलं नाव दिसतं ना!"

"काय दिसतं?"

"नाव. कुणी बघितलं त्याचं. दहा वर्षं झाली नियमाला. तुम्ही इतिहास शिकवता ना?"

मी त्या कॉडकडे बघत राहिलो. कॉडही माझ्याकडे बघत होता.

जो माणूस दर वर्षी डोकावतो, त्याला डोकावण्याचे नियम माहीत असतात. मी आयुष्यात पहिल्यांदा डोकावलो आणि दारात चप्पल सोडून आलो.

९ डिसेंबर, सोमवार

न्याहारीच्या वेळी सांगून टाकायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार केलं होतं, "सुनिव्हा, माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे." मी "सुनिव्हा" म्हणालो. तिनं वर पाहिलं. हातात पावाचा तुकडा, आणि त्यावर लोणी इतकं पातळ लावलेलं की पाव दिसत होता.

"लोणी महाग झालंय ना, बाबा?" ती म्हणाली.

मी लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली. राग्नहिल एकदम उठून साठवणीच्या फडताळाकडे गेली आणि आत डोकं घालून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी तिला रडू दिलं.

दुपारी आडून चाचपून पाहिलं. "तू त्या करखात्याच्या साइटवर जातेस का कधी?"

"कशाला?" सुनिव्हा म्हणाली. "माझ्याकडे बघण्यासारखं काय आहे तिथं?" आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिनं अजून पाहिलेलं नाही. देवाची कृपा.

११ डिसेंबर, बुधवार

गाव बदललं आहे. बेकरीवालीनं सुनिव्हाकडून वेलदोड्याच्या पावांचे पैसे घेतले नाहीत. चर्चच्या बायकांनी एक हिवाळी कोट आणून दिला. चांगला आहे, फक्त कोपरं गेली आहेत. क्रीडागृहात हँडबॉलवाल्यांनी स्वतःहून आपला संध्याकाळचा तास तिला सोडला. हे हँडबॉलवाले! गेली पंधरा वर्षं आम्ही त्यांच्याकडे या तासाची भीक मागतो आहोत.

"बाबा, लोक माझ्याकडे असे बघतात जसं माझं कुणी गेलंय," सुनिव्हा म्हणाली. अंगात तोच कोट. घरातही घालून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "वापरून टाकते. हीटरचं बिल वाचेल."

गेल्या वर्षी हेच गाव तिच्या पंचेचाळीस लाखांवरून नाकं मुरडत होतं. "आता काय, मोठ्या झाल्या बाई." यश आमच्याकडे पचत नाही. अपयश मात्र आम्ही ताटात वाढून घेतो, आणि शेजाऱ्यालाही नेऊन देतो. हे आमच्याबद्दल चांगलं आहे की वाईट, मला ठरवता येत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

टेनिस क्लबचं श्रमदान. दर डिसेंबरात सगळ्यांनी येऊन क्रीडागृह घासायचं, जाळी शिवायची आणि वॉफल विकायचे. इथे पैसे देऊन सुटका नाही. ग्रुंगसाहेबांनी एका वर्षी स्वतःऐवजी सफाई कंपनी पाठवली होती. कंपनीला कॉफी पाजून परत पाठवलं, आणि ग्रुंगसाहेबांना अजून कुणी नीट नमस्कार करत नाही.

यंदा सोडतही होती. पहिलं बक्षीस अर्धं डुक्कर, कापून, पिशव्या भरून. अध्यक्षीण गुडवाइग बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "हाल्वार, सोडतीचे पैसे तिच्या जानेवारीतल्या मेलबर्नच्या स्पर्धेच्या तिकिटासाठी आहेत. तिला कळू देऊ नकोस. आम्ही लिहिलंय 'तरुण खेळाडूंसाठी'. खोटं नाही ते."

मी मान डोलावली.

आणि सुनिव्हा काय करत होती? सकाळपासून वॉफल भाजत होती. नाकाला पीठ. मग सोडतीच्या टेबलाशी गेली आणि चाळीस तिकिटं घेतली. स्वतःच्याच मदतीच्या सोडतीची, चाळीस! गुडवाइग बाई कळवळून म्हणाल्या, "अगं पोरी, एक पुरे."

"तरुण खेळाडूंसाठी आहे ना?" सुनिव्हा म्हणाली. "त्यांचे फार हाल असतात हो, बाई."

अर्धं डुक्कर तिलाच लागलं. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडीतून परत येताना मी म्हटलं, "उरलेसुरले पैसे असे उधळू नयेत गं." ती खिडकीकडे तोंड करून बसली. खांदे हलत होते, अगदी आईसारखे. मी रेडिओ लावला.

१५ डिसेंबर, रविवार

मी जिन्यावर होतो. मुद्दाम नव्हे, दिवा बदलत होतो. सुनिव्हा खाली फोनवर होती.

"एकतीस तारखेपर्यंत थांबा म्हटलं ना. नाही, घरी बाबांना काही सांगितलेलं नाही. हो, कळतंय मला, रक्कम मोठी आहे. म्हणूनच विचार करतेय."

म्हणजे कर्ज आहे. मोठं. आणि मुदत वर्षअखेर. माझी मुलगी सावकारांना तारखा देते आहे, आणि मी तिला ओस्लोतल्या बर्फाबद्दल विचारतो आहे.

विचारायला हवं. पण आता विचारलं, तर कसं कळलं ते सांगावं लागेल. आधी यादी, मग जिना. चोरून पाहणारा बाप आणि चोरून ऐकणारा बाप, दोन्ही मीच. विचारण्यापेक्षा काहीतरी करणं बरं.

१६ डिसेंबर, सोमवार

'कुरव' विकायला काढली.

लाकडी बोट, सतरा फूट, माझ्या वडिलांनी घेतलेली. सुनिव्हा चार वर्षांची असताना तिच्यातच उभी राहून मी टाकलेले चेंडू झेलायची. "बोट हलते तरी उभं राहता आलं, की जमीन सोपी," असं मी कधीतरी म्हणालो होतो. ते तिनं एका मुलाखतीत सांगितलं, आणि मग प्रशिक्षक लोक मला फोन करून बोटीची लांबी विचारू लागले.

राग्नहिलला सांगितलं. ती गंभीर झाली. खरोखरची.

"हाल्वार. वर जा आणि तिला विचार. एवढंच. तोंड आहे ना तुला?"

"तिचा मान राखायचा आहे मला."

"तू बोट विकशील, पण प्रश्न विचारणार नाहीस?"

"बोट माझी आहे," मी म्हणालो. "प्रश्न तिचा आहे."

राग्नहिलनं कपाळाला हात लावला. जाहिरात मी संध्याकाळी टाकली. फोटोत 'कुरव' फार सुंदर आली आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

गिऱ्हाईक मिळालं, तेही दुसऱ्याच दिवशी. घासाघीस अजिबात नाही. 'सुराहा' नावाची कुठली तरी कंपनी आहे. नाव जपानी वाटतं. जपान्यांना जुन्या लाकडी बोटींची पारख असते, असं ऐकून आहे.

कंपनीच्या नोंदी सरकारी साइटवर सगळ्यांना खुल्या असतात. मालक कोण ते एका मिनिटात कळलं असतं. पण एकदा हात पोळल्यावर पुन्हा कुणाच्या खिडकीत नाक घालणं बरं दिसलं नसतं. तो माझा निश्चय आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. जाहिरातीत मी गळतीचं लिहिलं नव्हतं. म्हणून आज त्यांना सविस्तर कळवलं, की मागच्या फळीतून पाणी येतं, इंजिन गारठ्यात खोकतं आणि डावं वल्हं किंचित आखूड आहे. सौदा मोडायचा असेल तर खुशाल मोडा.

अर्ध्या तासात उत्तर आलं. "गळतं ते माहीत आहे. म्हणजे फोटोत दिसतं. बोट वसंतापर्यंत तिथेच राहू द्या. पाणी तुम्हीच उपसत राहा."

फोटोत गळती कशी दिसते? खरोखर जाणकार लोक.

सुनिव्हा शेजारच्या खोलीत फोन हातात धरून शिंकत होती, की काय करत होती कोण जाणे. कोट घालूनही सर्दी झालीच.

२१ डिसेंबर, शनिवार

पैसे जमा झाले. मी नाताळचं कार्ड आणलं आणि आत लिहिलं, "मेलबर्नसाठी, आणि एकतीस तारखेसाठी. काही विचारणार नाही. — बाबा." शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. मला ते उदार वाटत होतं. आता नीटसं कळत नाही.

खाली धक्क्यावर जाऊन 'कुरव'मधलं पाणी उपसलं. दुसऱ्याची बोट उपसताना हात वेगळे चालतात.

२४ डिसेंबर, मंगळवार

सगळं क्रमानं लिहायला हवं.

दुपारी नेहमीप्रमाणे तांदळाची खीर. संध्याकाळच्या खाऱ्या मटणाच्या फासळ्या दुसऱ्या भांड्यात भिजत होत्या. ऑडमुन एकटा असतो म्हणून त्यालाही बोलावलं होतं. खिरीत एक सोललेला बदाम. ज्याला मिळेल त्यानं तो गालात लपवायचा, म्हणजे बाकीचे आशेनं खात राहतात. आणि भांडं रिकामं झालं की दाखवायचा. बक्षीस म्हणजे बदामाच्या लगद्याचं गुलाबी डुक्कर.

आम्ही खात राहिलो. ऑडमुननं चार वाट्या खाल्ल्या. "मास्तर, बदाम टाकलाय ना? की यंदा तोही परवडला नाही?"

मी त्याच्याकडे डोळे वटारले. सुनिव्हा खाली मान घालून खात होती. भांडं खरवडून झालं, बदाम नाही. राग्नहिल म्हणाली, "चला, कुणाच्या गालात आहे?"

सुनिव्हानं चमचा ठेवला आणि गाल जरा फुगवून, बोबड्या आवाजात म्हणाली, "माझ्या गालात आहे. पहिल्या वाटीपासून. पण बाबाच्या गालातही एक आहे. त्यानं आधी काढायचा."

मी म्हणालो, "मला नाही मिळाला."

"बाबा."

एवढंच म्हणाली. त्या एका हाकेत काय होतं कोण जाणे, माझ्या तोंडून सगळं एकदम पडलं. मी तुझं उत्पन्न पाहिलं. दोनदा पाहिलं. न्हाणीघरात. फोनवर बोललीस ते जिन्यावरून ऐकलं. कर्जाचं कळलं आहे. बोट विकली आहे. कार्ड झाडाखाली आहे.

सुनिव्हानं बदाम काढून बशीत ठेवला. "तुझं नाव पहिलं होतं, बाबा. याद्या उघडल्या त्याच संध्याकाळी. तुझ्यानंतर हळूहळू सगळं गाव आलं, आणि त्रोम्सोची एक बाई."

"ती माझी बहीण," ऑडमुन म्हणाला. "सहज बघितलं असेल तिनं."

"मला वाटलं, आता तरी बाबा विचारेल. रोज वाट बघितली. लोणी पातळ लावलं. तो भयंकर कोट घातला. चाळीस तिकिटं घेतली! तू विचारलंसच नाहीस. तू बोट विकलीस!"

"तुझ्यासाठी."

"कुणाला विकलीस?"

"सुराहा नावाची कंपनी आहे. जपानी."

राग्नहिल पुन्हा फडताळाकडे पळाली. या वेळी तिचा आवाज ऐकू आला. ती रडत नव्हती. कधीच रडत नव्हती.

"सु," सुनिव्हानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "रा," फडताळाकडे. "हा," माझ्याकडे. "बक्षिसं, जाहिरातींचे पैसे, सगळं माझ्या या कंपनीत जातं. मी तिच्याकडून पगार घेते. वर्षभर हॉटेलात खाते, टोपी तुझी घालते. एक लाख बारा हजार मला पुरले. पैसा कुठे ठेवलाय ते बघावं, बाबा. आम्हाला नववीत शिकवलं होतं एका सरांनी."

ऑडमुननं सावकाश माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे तू गरीब नाहीस?"

"नाही हो, ऑडमुनकाका."

"मग माझा कॉड परत दे."

हसू ओसरल्यावर मी विचारलं. मला वाटतं, हा माझा पहिला खरा प्रश्न. "आणि एकतीस तारीख?"

ती बदाम बशीत फिरवत राहिली. तिच्या व्यवस्थापकाचं म्हणणं, की यंदाच्या कमाईनंतर इथे राहणं वेडेपणा आहे. वर्ष संपायच्या आत मोनॅकोत घर घ्यायचं, नाव तिकडे लावायचं, कर जवळजवळ नाही. रक्कम मोठी आहे. सगळे खेळाडू तेच करतात. नोव्हेंबरपासून ती याचाच विचार करत होती.

"आईनं पहिल्याच दिवशी विचारलं म्हणून तिला सांगितलं. तुझं मत हवं होतं मला. तू न विचारताच सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, पैसे तुझे, निर्णय तुझा."

म्हणालो असतो. हुबेहूब हेच.

"मग आता सांगतो," मी म्हणालो, आणि लक्षात आलं की पुढचं वाक्य तयार नाही. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. करासाठी नव्हे. म्हणजे करासाठीही. पण... तुझी खोली आहे."

"कालच नाही म्हणून कळवलं," सुनिव्हा म्हणाली. "तिकडे गेले की यादीतून नाव जाईल ना. मग मी जगले काय आणि मेले काय, कोण बघणार? दाराला कॉड कोण लावणार?"

ऑडमुननं नाक शिंकरलं आणि म्हणाला, की खिरीत वेलदोडा जास्त झाला होता. खिरीत वेलदोडा नव्हताच.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळच्या बसनं ती गेली. ओस्लो, मग पुढे ऑस्ट्रेलिया. सोडतीचे पैसे तिनं गुडवाइग बाईंना ठेवून घ्यायला लावले. तरुण खेळाडूंसाठी, जसं लिहिलं होतं तसं. स्वतःकडून क्लबला भरघोस काहीतरी द्यायची तयारी होती तिची. बाई म्हणाल्या, "पैसे ग्रुंगही देतो. तू वसंतात येऊन भिंत रंगव." तारीख ठरली आहे. अर्धं डुक्कर ऑडमुनच्या शीतपेटीत गेलं, कॉडच्या बदल्यात.

थांब्यावर मी विचारलं, "यंदा किती मिळाले गं?"

बसमधली सगळी डोकी एकदम आमच्याकडे वळली. तिनं माझ्या कानात सांगितलं. मी पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"इथे लिहिणार नाहीस ना वहीत?"

"नाही."

"लोकांनी विचारलं तर?"

"तोंडात बदाम आहे म्हणून सांगेन."

१४ जानेवारी, मंगळवार

पहिली फेरी जिंकली. आम्ही पहाटे उठून पाहिली. ऑडमुन कॉफी घेऊन आला होता, आणि प्रत्येक गुणाला "अगं, वाक!" म्हणून ओरडत होता. ती वाकत होती.

दुपारी फोन आला.

"बोट कशी आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"गळते. आजच उपसली."

"वल्हं?"

"आखूडच आहे." मग मी बर्फाबद्दल बोलणार होतो, एवढ्यात स्वतःला थांबवलं. "सुनिव्हा, दुसऱ्या सेटमध्ये तू तीनदा टॉवेलकडे गेलीस. घाबरली होतीस का?"

ती बोलू लागली. राग्नहिलनं बटाटे उकडले, टेबल मांडलं, माझं ताट झाकून ठेवलं, आणि जेवून घेतलं. सुनिव्हा अजून बोलतच होती.